काचेच्या पेटीतलं खाचर : प्लान्टेड टँकचे थर आणि त्यामागचा हिशोब



व्हिडिओत आपण दोन फुटी टाकीत मातीचे थर लावून पाहिले. व्हिडिओत काम दिसतं, हिशोब दिसत नाही, म्हणून हा लेख. फिश टँकचं दुकान टाकायचा विचार असेल किंवा घरूनच टाक्या लावून द्यायच्या असतील, तर वही-पेन घेऊन बसा.

आधी धंद्याचा मुद्दा. खाद्य, फिल्टर, लाईट, प्लास्टिकची झाडं हे सगळं आता मोबाईलवर मिळतं. भावाच्या स्पर्धेत आपण तिथे टिकत नाही. पण जिवंत झाडं वर्षभर वाढतील अशी टाकी घरी जाऊन लावून देणं हे काम पार्सलने येत नाही. आणि ती टाकी वाढणार की कुजणार हे बऱ्याच अंशी तळाच्या अडीच इंचांत ठरतं. गिऱ्हाईक तिकडे बघत नाही, म्हणून ते आपल्याला नीट कळलं पाहिजे.

हे शास्त्र आपल्या शेतात आहे

मातीच्या टाकीचं नाव निघालं की अमेरिकेच्या डायना वॉलस्टॅड यांचं नाव येतं. त्यांचं पुस्तक १९९९ साली आलं आणि साधी माती, वर रेतीचा थर ही पद्धत जगभर गेली. पण पेण-रोह्याच्या माणसाला ती समजायला वेळ लागू नये. हे आपलं भाताचं खाचर आहे.

खाचरात पाणी साचलं की मातीत हवा राहत नाही. तेव्हा दोन गोष्टी होतात. मातीतलं लोह विरघळणाऱ्या रूपात येतं आणि मुळांना मिळतं. नत्र अमोनियाच्या रूपात राहतो, तोही झाड खातं. भाताची मुळं पानांतून हवा खाली आणतात, म्हणून ती चिखलात कुजत नाहीत. टाकीतली व्हॅलिसनेरिया, क्रिप्टोकोरीन, अ‍ॅमेझॉन स्वोर्ड ही झाडंही असंच करतात. म्हणजे माती झाडाला पोसते आणि झाड मातीला सडू देत नाही. पैसे वाचवायला चारच झाडं लावली तर हे गणित बिघडतं. पहिल्याच दिवशी दाट लावा.

माती कुठली घ्यायची

घ्यायची ती शेतातली किंवा परसातली वरची चार-सहा इंच माती, जिथे खत-औषध पडलेलं नाही. आता काय नको ते बघा.

खारपट्ट्यातली माती नको. धरमतर खाडीच्या बाजूची बरीच जमीन खारी आहे. खारजमिनीचा प्रश्न आपल्याकडे एवढा मोठा आहे की त्यासाठी पनवेलला वेगळं संशोधन केंद्र आहे. घरची तपासणी सोपी : एक वाटी माती पाच वाट्या पाण्यात ढवळा, रात्रभर ठेवा, सकाळी वरच्या पाण्याचा टीडीएस मोजा. आकडा थोडा वाढणारच. पण दुसऱ्या जागेच्या मातीपेक्षा कितीतरी जास्त आला तर ती माती सोडा.

राब भाजलेल्या जागेची माती नको, राखेने पाण्याचा पीएच चढतो. कारखान्यांच्या पट्ट्यातली, नाल्याकाठची मातीही नको. तिथे काय मुरलंय हे आपण घरी तपासू शकत नाही.

पेणमध्ये हमखास येणारा प्रश्न म्हणजे गणपतीच्या कारखान्यातली उरलेली शाडू चालेल का? नुसती शाडू नको. ती फार बारीक, घट्ट बसते, हलली की पाणी पांढरं करते आणि तिच्यात झाडाचं खाद्य फारसं नसतं. आणि तिच्यात प्लास्टर मिसळलेलं असेल तर अजिबात नको. प्लास्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट. हवा नसलेल्या थरात सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, सडक्या अंड्याचा वास येतो तो वायू. तो मुळांनाही घातक आणि माशांनाही.

घेण्यासारखी आपली खास वस्तू म्हणजे जांभा. त्याचा लाल रंग लोहाचा. इंग्रजीत त्याला लॅटेराइट म्हणतात. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारात हे नाव दिलं, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ वीट. आपण चिरा म्हणतो, तीच गोष्ट. युरोपातले शौकीन टाकीच्या तळाला घालायला पाकिटातलं लॅटेराइट विकत घ्यायचे. आपल्याकडे चिरा तासताना त्याचा भुगा पडतो. बांधकामावर विचारून घ्या. दहा भाग मातीला एक भाग भुगा पुरे.

माती चाळा, काड्या-मुळं काढा. घमेल्यात भिजवा, तरंगणारा कचरा टाका, उन्हात वाळवा. असं तीन-चार वेळा केलं की कच्चा पाला कुजून जातो आणि टाकीत अमोनिया कमी सुटतो. पावसाळ्यात माती वाळत नाही, म्हणून एप्रिल-मेमध्येच गोण्या भरून ठेवा.

थर कसे लावायचे

हिशोबाचं सूत्र : लांबी गुणिले रुंदी गुणिले थराची जाडी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले १०००. उत्तर लिटरमध्ये. दोन फूट बाय एक फूट टाकी म्हणजे ६० बाय ३०.

खालचा थर माती आणि जांभ्याचा भुगा, अडीच सेंटिमीटर : साडेचार लिटर. याहून जाड नको, खाली सड लागते. समोरच्या काचेपासून एक इंच पट्टी माती न घालता सोडा, तिथे फक्त रेती भरा. काचेतून काळी माती दिसत नाही आणि शेवाळ कमी दिसतं.

वरचा थर रेती, चार सेंटिमीटर : सव्वासात लिटर, साधारण अकरा किलो. दाणा तांदळाच्या कणीएवढा. पिठासारखी बारीक नको, मोठे खडेही नकोत, त्यांच्या फटींतून माती वर येते. रेतीवर व्हिनेगर टाकून बघा, फेस आला तर चुना किंवा शिंपले आहेत. समुद्राची रेती इथेच बाद होते. कुंडलिकेच्या पात्रातून घमेलं भरून आणायचं नाही, परवानगीशिवाय वाळू काढणं गुन्हा आहे. क्रशरची ग्रिट चालते, पण कडा धारदार असतात. तळाशी तोंड घासत फिरणारे कोरीडोरास असतील तर गोल दाण्याचीच रेती घ्या.

मागे उंची हवी असेल तर ती रेतीने द्या, मातीने नाही. पाणी भरताना रेतीवर ताटली ठेवा आणि धार तिच्यावर सोडा.

दुसरा पर्याय रेडिमेड अ‍ॅक्वा सॉइल. जपानचे ताकाशी अमानो आणि त्यांची कंपनी एडीए यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. हे भाजलेले दाणे असतात, वर रेती लागत नाही, झाड उपटून हलवता येतं. पण महाग पडतं, सुरुवातीला यातूनही अमोनिया सुटतो आणि वर्ष-दोन वर्षांत जोर ओसरतो. दोन्ही पॅकेज ठेवा आणि फरक गिऱ्हाइकाला सांगा.

कुणाला विकायची नाही

गोल्डफिश हवे असतील तर मातीची टाकी नको, ते तळ उकरतात. फक्त अ‍ॅनुबियास आणि जावा फर्न हवे असतील तर ती दगडाला बांधायची झाडं आहेत, मातीचे पैसे घेऊ नका. आज पाचशे रुपये कमी येतील, पण पुढच्या वेळी तो माणूस तुम्हालाच विचारून घेईल.

खरा खर्च

काच, लाईट, फिल्टर बाजूला ठेवा, फक्त तळ आणि झाडं बघू. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमच्या गावचे टाका. रेती ११०, भुगा २०, झाडं ६०० : झाले ७३०. तुम्ही १,८०० घेतले तर वाटतं १,०७० सुटले. आता माती तयार करायचा वेळ १००, टाकी लावायचे तीन तास ३०० आणि पुढच्या तीन भेटी, प्रत्येकी १४० प्रमाणे ४२० धरा. खर्च झाला १,५५०. सुटले २५०.

नवीन पोरं भेटी धरतच नाहीत. पेणच्या दुकानदाराला पेणमधली भेट ठीक आहे. पण रोह्याची एक खेप म्हणजे अर्धा दिवस. तिथला भाव वेगळा ठेवा, किंवा एका दिवसात रोह्याची तीन गिऱ्हाइकं बांधा.

मासे कधी

सगळ्यात जास्त मोह इथेच होतो. गणपतीला आठ दिवस असताना फोन येतो, टाकी लावा, मासेही सोडा, पाहुणे येणार आहेत. पैसे हातात असतात. पण नव्या मातीतून सुटणारा अमोनिया संपवणारे जिवाणू टाकीत तयार व्हायला तीन ते सहा आठवडे लागतात. आधी अमोनिया, मग नायट्राइट, मग नायट्रेट असा तो प्रवास. त्याआधी मासे सोडले तर ऐन सणात, लहान पोरांसमोर मासे उलटे तरंगतात. गिऱ्हाईक मातीला दोष देत नाही, दुकानाचं नाव घेतं.

म्हणून आठ दिवस उरले असतील तर झाडांची टाकी द्या, मासे नाही, आणि माशांची पावती पुढच्या तारखेची फाडा. पहिले दोन आठवडे दर तीन-चार दिवसांनी अर्धं पाणी बदला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी काढा. आठवड्यात दोनदा टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मासे, तेही थोडे थोडे.

अधिक महिना नसेल तर दिव्यांच्या अवसेपासून गणपतीपर्यंत साधारण पाच आठवडे मिळतात. तुमच्या सीझनची जाहिरात आषाढातच लावा : अवसेला टाकी, गणपतीला मासे. टेस्टमध्ये शून्य आलं तरच, हेही त्याच जाहिरातीत लिहा.

या आठवड्याचं काम : तीन वेगवेगळ्या जागांची माती आणा, टीडीएस मोजा, आकडे वहीत लिहा. मग घरी एक छोटी टाकी लावा आणि सहा आठवडे रोज नोंद ठेवा. पहिलं गिऱ्हाईक आलं की त्याला ती वही दाखवा.