आजोबांची पलटण कोणती?

"आमचे आजोबा मिलिटरीत होते." आपल्या समाजात हे वाक्य घरोघर ऐकू येते. पण पलटण कोणती, साल कोणते, हुद्दा काय, असे विचारले की घरातली माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. भिंतीवर तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी खाकी वेषातला एक फोटो असतो. काच धूसर, कडेला बुरशी. मी नोकरीने कारकून. जुन्या फायली चाळण्यात उमर गेली, म्हणून समाजाचे काम करताना लोक असे फोटो नि कागद माझ्यापुढे ठेवतात. त्या अनुभवावरून हे लिहितो आहे.

आधी साल जमते का ते पाहावे. कंपनी सरकारच्या फौजेत आपले लोक होते. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला पडलेल्यांपैकी 'नाक' शेवट असलेली २२ नावे आपण दरवर्षी स्तंभावर वाचतो. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि १८९१ साली बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीतच झाला. पण पुढे एक-दोन वर्षांतच ही जात लढाऊ नाही असे ठरवून भरती बंद करण्यात आली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला, १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. सरकारला जाग आली ती पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा. १९१७ मध्ये '१११ महार' ही पलटण उभी केली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडून टाकली. पुन्हा वीस वर्षे दार बंद. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली.

म्हणून कोणी म्हणाले की आमचे पणजोबा १९३० साली महार पलटणीत होते, तर कुठेतरी गफलत आहे. साल चुकले असेल, नाहीतर पलटण वेगळी असेल. सगळेच काही महार रेजिमेंटमध्ये नव्हते. पायोनियर, लेबर कोअर, दारूगोळ्याचे डेपो, अशा ठिकाणीही आपली माणसे राबली. तीही सेवाच.

आता फोटो. चेहरा सगळेच पाहतात, तुम्ही बाही, खांदा आणि टोपी पाहा. बाहीवर एक फीत लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार. टोपीवरचे चिन्ह भिंगातून पाहावे. महार रेजिमेंटच्या सुरुवातीच्या चिन्हात कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली तेव्हा एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या मशीनगन आल्या आणि पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. फोटोच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचा शिक्का असेल तर बेळगाव की कामठी, तेही कळते. गणवेश दिसला म्हणजे फौजच, असे मात्र समजू नये. पोलीस, रेल्वे, गिरणीचा वॉचमन यांनाही गणवेश होता, आणि आपल्या समता सैनिक दलालाही. दलातले आजोबा असतील तर तो फोटो फौजेतल्या फोटोइतक्याच मानाने लावावा.

एका घरी आजोबांना सारे 'सुभेदार' म्हणत. भिंगातून पाहिले तर बाहीवर दोन फिती. नातू हिरमुसला. मी त्याला म्हटले, बाबा रे, ज्याला गावच्या पाणवठ्यावर येऊ देत नव्हते त्याच्या हुकमावर दहा माणसे कवायत करीत होती, हे काय थोडे झाले?

मेडल असेल तर त्याची कड पाहा. पहिल्या महायुद्धाच्या मेडलच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. त्यातले ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे, म्हणून अडीअडचणीला कितीतरी घरांतून ते सोनाराच्या मुशीत गेले. तेच ब्राँझचे असेल तर माणूस लेबर कोअरसारख्या तुकडीत होता असे समजावे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश शिपायांना मेडले कोरी दिली, पण आपल्याकडच्या पुष्कळ मेडलांवर नंबर-नाव आढळते. स्वातंत्र्याचे १९४७ चे मेडल असेल तर १५ ऑगस्टला आजोबा नोकरीत होते. मेडल चिंचेने किंवा पॉलिशने घासू नका. कडेवरची अक्षरे झिजली की ती परत येणार नाहीत.

सर्वांत मोलाचा कागद म्हणजे डिस्चार्ज सर्टिफिकेट. त्याचे कारण ऐका. पेन्शन न मिळालेल्या शिपायाचे सेवेचे कागद फौजेच्या नियमाप्रमाणे २५ वर्षांनी नष्ट केले जातात. मागे उरते ते 'लाँग रोल' नावाचे रजिस्टर आणि त्यात आजोबांच्या नावाची एक ओळ. युद्ध संपल्यावर हजारो जवान पेन्शनविना घरी पाठवले गेले, त्यांचा बाकीचा पुरावा तुमच्या ट्रंकेत आहे. तो लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा आणि मूळ कागद सुती कापडात ठेवा. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेवरूनच त्याचा फोटो घ्या.

ती ओळ शोधायची तर महार रेजिमेंटचे रेकॉर्ड ऑफिस मध्य प्रदेशात सागर येथे आहे, तिकडे पोस्टाने अर्ज करावा, नात्याचा पुरावा जोडावा. उत्तर न आल्यास २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करा. दुसऱ्या महायुद्धातल्या पेन्शन नसलेल्या जवानांना आणि त्यांच्या विधवांना राज्य शासनाचे मासिक अनुदान असते, त्यामुळे तिथल्या नोंदीत नाव सापडू शकते. अर्जात आजचे आडनाव लिहून भागत नाही. फौजेत बहुधा शिपायाचे नाव आणि बापाचे नाव एवढेच लिहीत, तेही गोऱ्या साहेबाच्या कानाला जसे ऐकू आले तसे. १९५६ नंतर आडनाव बदललेली घरे आहेत, ती तर गोंधळतातच. जिल्हाही त्या काळचा लिहा. आजचे रायगड तेव्हा कुलाबा होते, आणि १९८१ पर्यंत सिंधुदुर्ग रत्नागिरीत होते.

युद्धात मेलेल्यांची यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने इंटरनेटवर फुकट ठेवली आहे. त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. जिवंत परत आलेल्यांची नावे त्यात नसतात. आणि मेलेल्या सर्वांची तरी कुठे आहेत? इराकमध्ये बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली, आपल्या शिपायांचा मात्र पलटणीपुढे नुसता आकडा घातला. २०२१ साली त्या कमिशनने स्वतःच्याच अहवालात कबूल केले की पहिल्या महायुद्धातल्या किमान १,१६,००० मृतांची, प्रामुख्याने आफ्रिका व मध्यपूर्वेतल्या माणसांची, नावानिशी नोंद झालीच नाही. एका कारकुनाने एक ओळ लिहिली नाही की माणूस कसा पुसला जातो, हे मला माझ्या टेबलावर बसून चांगले समजते.

एक चौकशी मात्र कुठल्याच ऑफिसात होत नाही, ती घरातल्या म्हातारीपाशी करायची. पुरुषांना लढाया आठवतात, बायकांना तारखा. तिला 'कोणत्या साली?' असे विचारू नका. गावी मनिऑर्डर कोणत्या पोस्टातून यायची, ते रजेवर आले तेव्हा कडेवर कोण होते, असे विचारा. "थोरला रांगत होता, तेव्हा ब्रह्मदेशातून पत्र आलं," असे ती सहज सांगून जाते. थोरल्याच्या जन्माचे साल शाळेच्या दाखल्यावर मिळते. तेच साल धरून अर्ज लिहायला घ्या.