दुखणे मोजायचे कसे?

ताप आला की आपण तापमापी वापरतो. वजन काट्यावर पाहतो, रक्तदाब दंडाला पट्टा बांधून मोजतो. या सर्व मोजमापांत एक गोष्ट समान आहे. आपण काय बोलतो यावर उपकरणातला आकडा अवलंबून नसतो. 'मला ताप नाही' असे तुम्ही कितीही ठासून सांगितले तरी तापमापीतला ३९ हा आकडा काही ३७ होत नाही.

आता असे समजा की एक आजीबाई दवाखान्यात आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, गुडघा फार दुखतो हो." दोन आठवडे औषध घेऊन त्या पुन्हा आल्या. "आता कसं आहे, आजी?" "दुखतोय अजून, पण जरा बरं आहे." यातले 'फार' म्हणजे किती आणि 'जरा' म्हणजे किती? औषध तेच ठेवावे, वाढवावे की बदलावे, हे या दोन शब्दांमधील अंतरावर ठरणार आहे. नव्या औषधाची शेकडो रुग्णांवर चाचणी घेताना तर सगळा निर्णयच अशा उत्तरांवर उभा असतो. तेथे मोजमाप चुकले तर निरुपयोगी औषध उपयोगी ठरेल, किंवा चांगले औषध टाकून दिले जाईल आणि रुग्णांना उगाच कळा सोसाव्या लागतील.

मग दुखणे मोजणारे एखादे यंत्रच का बनवू नये?

वेदनेचे एकक

तसा प्रयत्न झालेला आहे. १९४० च्या सुमारास न्यूयॉर्क येथे हार्डी, वुल्फ आणि गुडेल या शास्त्रज्ञांनी एक उपकरण तयार केले. त्यात दिव्याचा प्रखर प्रकाश भिंगाने कपाळावर एकवटत. उष्णता हळूहळू वाढवीत नेत आणि कोणत्या क्षणी 'ऊब' संपून 'दुखणे' सुरू होते याची नोंद करीत. हे प्रयोग त्यांनी स्वतःवरही केले. वेदनेचे एकक म्हणून त्यांनी 'डोल' हे नाव सुचविले आणि साडेदहा डोलांची मोजपट्टी तयार केली.

कल्पना पदार्थविज्ञानाला शोभेल अशीच होती. पण या यंत्राने मोजली जात होती ती कपाळावर पडणारी उष्णता. गुडघ्यातील किंवा शस्त्रक्रियेच्या जखमेतील वेदना त्यातून कळत नव्हती. उष्णता तेवढीच असली म्हणून दुखणेही तेवढेच असते असे नाही. याचा ठळक पुरावा मिळाला तो रणांगणावर. १९४४ साली इटलीत आन्झिओ येथे हेन्री बीचर हे अमेरिकन भूलतज्ज्ञ जखमी सैनिकांवर उपचार करीत होते. गंभीर जखमा असूनही बरेच सैनिक वेदनाशामक नको म्हणतात, हे पाहून त्यांना नवल वाटले. पुढे १९५६ साली त्यांनी सैनिकांची तुलना शस्त्रक्रिया झालेल्या नागरी रुग्णांशी करून प्रसिद्ध केली. वेदनाशामक मागणाऱ्या सैनिकांचे प्रमाण सुमारे ३२ टक्के होते, तर नागरी रुग्णांत ते सुमारे ८३ टक्के भरले. बीचर यांच्या मते जखमेचा अर्थच दोघांसाठी वेगळा होता. सैनिकासाठी जखम म्हणजे लढाईतून जिवंत सुटका, तर नागरिकासाठी ती एक आपत्ती होती.

थोडक्यात, जखमेची लांबीरुंदी मोजून दुखणे कळत नाही. ते ज्याला होते त्यालाच विचारावे लागते. म्हणजेच येथे प्रश्न हेच उपकरण आहे. आणि उपकरण म्हटले की त्याला व्याप्ती, शून्य, लघुतम माप हे सारे आलेच!

पट्टीची दोन टोके

प्रथम टोकांचा विचार करू. '० ते १० पैकी आकडा सांगा' एवढेच म्हटले तर ती खुणा नसलेली फूटपट्टी झाली. ० म्हणजे काय आणि १० म्हणजे काय, हे शब्दांत सांगावे लागते. साधारणपणे ० म्हणजे 'अजिबात दुखत नाही' आणि १० म्हणजे 'कल्पना करता येईल एवढे जास्तीत जास्त दुखणे' असे सांगतात.

लहान मुलांना आकड्यांपेक्षा चित्रे सोपी जातात. १९८३ साली अमेरिकेत डोना वाँग आणि कॉनी बेकर यांनी सहा चेहऱ्यांची पट्टी तयार केली. एका टोकाला हसरा चेहरा आणि दुसऱ्या टोकाला रडणारा. ही पट्टी जगभर वापरली जाते. पण तिच्यात एक शून्यत्रुटी दडलेली आहे. न दुखणे आणि आनंदी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजेक्शनच्या भीतीने कावराबावरा झालेला मुलगा काही दुखत नसतानाही हसरा चेहरा निवडीलच असे नाही. हसऱ्या चेहऱ्याने सुरू होणाऱ्या पट्टीवर मुले वेदनेचा आकडा जास्त सांगतात, असे पुढील संशोधनात दिसले. दुसऱ्या टोकालाही अडचण आहे. 'मी रडत नाही, मग तो चेहरा माझा कसा?' असे एखाद्या धीट मुलाला वाटू शकते. म्हणून २००१ साली सुधारून प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पट्टीत शून्याचा चेहरा ना हसरा ना दुःखी असा साधा ठेवला आणि शेवटच्या चेहऱ्यावरचे अश्रू वगळले.

खुणा किती असाव्यात?

व्हर्निअर कॅलिपरचे लघुतम माप जितके लहान तितके मोजमाप सूक्ष्म. मग दुखण्याच्या पट्टीवर शंभर खुणा का नकोत? आपले मन तेवढे बारीक भेद करू शकत नाही म्हणून. आज ६३ म्हणणारा रुग्ण तासाभराने, दुखण्यात फरक पडला नसतानाही, ५८ म्हणेल. उलट 'होय' आणि 'नाही' एवढ्या दोनच खुणा ठेवल्या तर 'फार' आणि 'जरा' यांतील फरक पुसला जातो. २००० साली इंग्लंडमधील प्रेस्टन व कोलमन यांनी कमीअधिक खुणांच्या पट्ट्या वापरून तुलना केली. ती ग्राहकांच्या मतांबाबत होती, पण तिचा निष्कर्ष येथेही उपयोगी आहे. दोन, तीन, चार खुणांच्या पट्ट्या त्यांना कमी प्रतीच्या आढळल्या. सुमारे सातपर्यंत खुणा वाढविल्या की सुधारणा दिसली. दहाच्या पुढे मात्र तोच प्रश्न पुन्हा विचारल्यावर उत्तरे कमी जुळू लागली.

आणखी एक प्रकार आहे. १०० मिलिमीटर लांबीची एक सरळ रेघ काढतात, तिच्यावर कोणतीही मधली खूण नसते. रुग्णाने आपले दुखणे जिथे वाटते तिथे फुली मारायची आणि नंतर ते अंतर फूटपट्टीने मोजायचे. पद्धत सुटसुटीत दिसते, पण वृद्धांना ती बऱ्याचदा समजायला जड जाते. शिवाय कागदाची छायाप्रत काढताना आकार थोडा बदलला तर १०० मिलिमीटरची रेघ तेवढीच राहत नाही! म्हणून छापलेली रेघ आधी मोजून पाहावी लागते.

शब्द, काळ आणि एका वेळी एकच प्रश्न

पुढील प्रश्न वाचा: 'तुम्हाला चालताना आणि जिना चढताना बऱ्याचदा त्रास होतो ना?'

या एका वाक्यात चार दोष आहेत. पहिला, यात दोन प्रश्न एकत्र आहेत. सपाटीवर नीट चालणाऱ्या पण जिन्याला घाबरणाऱ्या आजींनी काय उत्तर द्यावे? दुसरा, 'बऱ्याचदा' हा शब्द प्रत्येकाच्या मापाने वेगळा असतो. तिसरा, कोणत्या काळाबद्दल विचारले आहे ते कळत नाही. चौथा, शेवटचा 'ना' रुग्णाकडून 'हो' वदवून घेतो. आता तोच प्रश्न असा विचारा: 'गेल्या सात दिवसांत जिना चढताना तुमचा गुडघा किती दिवस दुखला?' उत्तर ० ते ७ मधला एक आकडा. चारही दोष गेले.

मनाच्या उदासीनतेची चाचणी घेणारी, २००१ साली प्रसिद्ध झालेली नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली आज अनेक देशांत वापरली जाते. तिच्यात काळ ठरलेला आहे, गेले दोन आठवडे. उत्तरेही दिवसांत बांधलेली आहेत: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून अधिक दिवस, जवळजवळ रोज. त्यांना अनुक्रमे ०, १, २, ३ गुण. एकूण गुण ० ते २७ यांमध्ये येतात. १० किंवा अधिक आले तर तज्ज्ञाने पुढे तपासावे असा संकेत आहे. मात्र अशा बेरजेवरून रोगाचे निदान करीत नाहीत, हे लक्षात ठेवा.

काळ लहान का ठेवायचा? कारण आठवण हे साधे साठवणीचे भांडे नव्हे. १९९६ साली रेडेलमायर आणि कानमन यांनी मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी होत असलेल्या रुग्णांना दर मिनिटाला दुखण्याचा आकडा विचारला आणि तपासणीनंतर एकूण दुखणे किती होते तेही विचारले. नंतरचे उत्तर मुख्यतः सर्वांत तीव्र क्षण आणि शेवटचे काही क्षण यांच्याशी जुळले. तपासणी किती वेळ चालली याचा त्यावर फारसा परिणाम दिसला नाही.

शब्दांची निवड तर त्याहून महत्त्वाची. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली वेदनेचे वर्णन करणारे ७८ शब्द २० गटांत मांडून एक प्रश्नावली केली. अशी प्रश्नावली शब्दकोश उघडून मराठीत आणता येईल काय? आपल्याकडे दाढ ठणकते, काटा सलतो, फोड ठसठसतो, जखम चुरचुरते, पोटात मुरडा येतो, कमरेत उसण भरते. यांतला प्रत्येक शब्द डॉक्टरांना काही वेगळे सांगतो. 'तुमच्या वेदनेची तीव्रता सांगा' हा प्रश्न आजीबाईंना परीक्षेसारखा वाटेल, 'किती दुखतंय?' हा त्यांचा स्वतःचा प्रश्न आहे. म्हणून भाषांतर झाले की दुसऱ्या व्यक्तीकडून ते उलट मूळ भाषेत करवून घेतात आणि दोन्ही जुळतात का ते पाहतात. त्यानंतर काही रुग्णांना 'या वाक्यावरून तुम्हाला काय समजले?' असे विचारतात.

मिळालेल्या आकड्यांचे काय करावे?

खनिजांच्या काठिण्याची मोह्झ यांची पट्टी तुम्हाला माहीत असेल. संगजिरे १, कुरुविंद ९, हिरा १०. यावरून हिरा कुरुविंदाहून कठीण एवढे कळते. पण ९ आणि १० मधले अंतर १ आणि २ मधल्या अंतराएवढे नाही. प्रत्यक्षात हिरा कुरुविंदापेक्षा कित्येक पटींनी कठीण आहे. तापमानाचे पाहा. २० अंश सेल्सिअस हे १० अंशांच्या दुप्पट गरम नव्हे, कारण सेल्सिअसचे शून्य हे खरे शून्य नाही. आकड्यांच्या अशा निरनिराळ्या पट्ट्यांचे वर्गीकरण स्टीव्हन्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४६ साली केले.

दुखण्याची पट्टी बरीचशी मोह्झच्या पट्टीसारखी आहे. ८ हे ४ पेक्षा जास्त, हे नक्की. पण '८ वरून ४ आले म्हणजे दुखणे बरोबर निम्मे झाले' असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. तुमचे ६ आणि तुमच्या मित्राचे ६ सारखेच, असेही नाही. त्याच रुग्णाचा आजचा आकडा त्याच्याच मागच्या आकड्याशी ताडून पाहणे अधिक सुरक्षित. किती फरक पडला तर तो खरा मानावा? २००१ साली एका औषधाच्या दहा चाचण्यांतील २,७०० हून अधिक रुग्णांची उत्तरे तपासली गेली. ज्यांना स्वतःला 'बरेच बरे' वाटले त्यांचा आकडा ० ते १० च्या पट्टीवर सुमारे २ ने, म्हणजे सुमारे ३० टक्क्यांनी उतरलेला दिसला.

पट्टीची परीक्षा

तराजू खरा आहे हे आपण दोन प्रकारे तपासतो. तीच वस्तू पुन्हा ठेवली तर तेच वजन येते का, आणि प्रमाणित वजन ठेवले तर बरोबर आकडा येतो का. प्रश्नावलीलाही याच दोन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली सोपी आहे. प्रकृतीत बदल नसताना तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. दुसरी अवघड, कारण दुखण्याचे प्रमाणित वजन कुठेच ठेवलेले नाही. क्वचित बाहेरचा आधार मिळतो. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी श्रम किती जाणवतात हे सांगण्यासाठी ६ ते २० ची पट्टी केली. निरोगी तरुणाने सांगितलेल्या आकड्याला १० ने गुणले की त्याच्या नाडीचे दर मिनिटाचे ठोके साधारणपणे मिळावेत, असा त्यामागे हिशेब आहे. दुखण्याबाबत मात्र आडवळणाने जावे लागते. खात्रीचे वेदनाशामक दिल्यावर आकडा उतरतो का? चालणे, झोप यांत सुधारणा होते तेव्हा तोही सुधारतो का? अशा अनेक कसोट्या पार झाल्या की मगच पट्टीवर विश्वास ठेवतात.

वर्गात करून पाहा

'दप्तरामुळे पाठ दुखते का?' हा विषय घ्या. चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन गट करा. एका गटाला विचारा, 'जड दप्तरामुळे तुमची पाठ बऱ्याचदा दुखते ना?' उत्तर होय किंवा नाही. दुसऱ्या गटाला विचारा, 'गेल्या सात शाळेच्या दिवसांत किती दिवस तुमची पाठ दुखली?' उत्तर ० ते ७. कागदावर नाव घालू नका, फक्त स्वतःला ओळखता येईल अशी खूण करा. दोन दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारा आणि किती जणांची उत्तरे बदलली ते मोजा. दुसऱ्या गटाच्या उत्तरांचा मध्यक काढा. त्याच गटाची दप्तरे काट्यावर तोलून वजन आणि उत्तर यांचा आलेखही काढा. आलेखावरचे बिंदू सरळ रेषेत येणार नाहीत. ते का आले नाहीत, दोष दप्तरात आहे, पाठीत आहे की प्रश्नात, याची चर्चा तुमच्या शिक्षकांबरोबर जरूर करा.