रग्बीतले ६, ७ आणि ८

काल मॅच बघताना भाच्यानं विचारलं, "मामा, सगळ्यांत भारी तिघे घेतले की झाली ना ६, ७, ८ची मागची रांग?"

इतकं सोपं नाही! ७ नंबरचा ओपनसाइड फ्लँकर म्हणजे टॅकल झाला की आधी पोचून चेंडू हिसकावणारा. ६ नंबरचा ब्लाइंडसाइड धिप्पाड, लाइनआउटमध्ये उपयोगी. ८ नंबरचा स्क्रमच्या तळाशी चेंडू सांभाळून मुसंडी मारणारा. (दक्षिण आफ्रिकेत ६ आणि ७ची कामं उलट. म्हणून तिथला ओपनसाइड फ्लँकर सिया कोलिसी ६ नंबर घालतो.)

माझी आवडती निवड २०१५च्या वर्ल्ड कपमधली. ऑस्ट्रेलियाकडे मायकेल हूपर आणि डेव्हिड पोकॉक, दोघेही हाडाचे ७ नंबर. प्रशिक्षक मायकेल चेका यांनी पोकॉकला ८ नंबर देऊन दोघांनाही खेळवलं. लाइनआउटमध्ये उंची कमी पडण्याचा धोका होता, म्हणून ६ नंबरला उंच स्कॉट फार्डी.

ट्विकनहॅमवर यजमान इंग्लंड ऑस्ट्रेलियाकडून ३३-१३ असं हरलं आणि साखळीतच बाहेर पडलं! ऑस्ट्रेलिया फायनलला पोचली, तिथं न्यूझीलंडनं ३४-१७ हरवलं. तरीही मला ती निवड योग्यच वाटते.

तुमचे आवडते तिघे कोण?