बिल दवाखान्याचं, खिसा गावाचा

माणशी एक पैसा! असा फंड जमवायला अंताजी दामोदर काळे गावोगाव हिंडले, लोकमान्यांनी पाठबळ दिलं आणि 1908 मध्ये तळेगाव दाभाड्याला चक्क काचेचा कारखाना उभा राहिला. त्याचं नाव पैसा फंड. तेव्हा लोकवर्गणीचं कौतुक आम्हाला कुणी सांगू नये. फरक इतकाच, की पावतीपुस्तक गेलं, क्यूआर कोड आला आणि आता वर्गणी मागायची ती आयसीयूच्या बिलासाठी.

हनिमून ते हॉस्पिटल

अमेरिकेतलं ‘गोफंडमी’ हे ऑनलाइन वर्गणीचं संकेतस्थळ 2010 मध्ये सुरू झालं तेव्हा संस्थापकांच्या डोळ्यांसमोर हनिमून, पदवीच्या भेटी असले गोड खर्च होते. लोकांनी टाकली ती केमोथेरपीची बिलं. 2021 मध्ये कंपनीच्या प्रमुखानेच वर्तमानपत्रात लेख लिहून अमेरिकन संसदेला सुनावलं, की तुमचं काम आमच्या गळ्यात घालू नका! आपल्याकडे बंगळुरूचं ‘मिलाप’ही 2010 चंच. तेही आजाऱ्यांसाठी नव्हे, तर गरजूंना छोटी कर्जं मिळावीत म्हणून निघालेलं. आणि 2012 मध्ये मुंबईत ‘केट्टो’ सुरू करणाऱ्या तिघांपैकी एक कोण? ‘रंग दे बसंती’मधला कुणाल कपूर.

16 कोटींची सुई

झोल्जेन्स्मा. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या जनुकीय आजारावरचं औषध. आयुष्यात एकदाच द्यायचं, तासाभरात शिरेतून आत. अमेरिकेत 2019 मध्ये आलं तेव्हा किंमत 21 लाख 25 हजार डॉलर! हेच औषध मिळावं म्हणून मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीसाठी 2021 मध्ये लोकांनी 16 कोटींच्या घरात रक्कम जमवली. औषधावर आयात शुल्क आणि जीएसटी मिळून आणखी सहा-साडेसहा कोटी भरायचे होते. देवेंद्र फडणवीसांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं आणि कर माफ झाला.

याच आजारावरच्या रिसडिप्लाम या दुसऱ्या औषधाची बाटली सहा लाखांच्या आसपास होती. 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात स्वस्त पर्यायाला असलेली मूळ कंपनीची हरकत टिकली नाही आणि नॅटको या भारतीय कंपनीने तेच औषध 15,900 रुपयांना आणलं. हजारो दात्यांना जमलं नसतं ते एका निकालाने केलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी देणगी हीच.

वॉर्डात एजंट

चीनमधलं ‘वॉटरड्रॉप’ हेही असंच वर्गणीचं संकेतस्थळ. ते 2021 मध्ये थेट न्यू यॉर्कच्या शेअर बाजारात उतरलं. त्याआधी 2019 मध्ये त्याची वेगळीच कीर्ती झाली होती. कंपनीची माणसं वॉर्डावॉर्डात फिरून, खाटेशी उभं राहून रुग्णांना ‘मोहीम सुरू करा’ म्हणून गळ घालत होती. बोंबाबोंब झाली तेव्हा कंपनीला ते काम थांबवावं लागलं.

आजोबांच्या फेऱ्या

कॅप्टन टॉम मूर, वय 99. दुसऱ्या महायुद्धात भारतात आणि ब्रह्मदेशात नोकरी केलेले. एप्रिल 2020 मध्ये त्यांनी वॉकर घेऊन अंगणात 100 फेऱ्या मारायचं ठरवलं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेशी जोडलेल्या धर्मादाय संस्थांसाठी उद्दिष्ट होतं हजार पौंडांचं. जमले तीन कोटींहून जास्त!

आता कडू गोळी

असे आकडे गाजतात, म्हणून सगळ्यांचंच भागतं असं वाटतं. अमेरिकेतल्या 2016 ते 2020 मधल्या चार लाखांवर वैद्यकीय मोहिमा संशोधकांनी तपासल्या. उद्दिष्ट गाठणाऱ्या निघाल्या शंभरातल्या जेमतेम बारा. पैसा आजाराच्या गंभीरपणाकडे बघत नाही. तो जातो गोड फोटोकडे, नीट लिहिलेल्या कहाणीकडे आणि ज्याच्या फोनमध्ये पगारदार ओळखी भरपूर त्याच्याकडे. गडचिरोलीतल्या मजुराने लिंक पाठवायची कुणाला?

त्यामुळे लिंक बनवण्याआधी हक्काचं मागा. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हे काउंटरवर आपणहून क्वचितच सांगतात, म्हणून रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवकालाच गाठा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपला आजार बसतो का, हेही तिथेच विचारा.

आणि तुम्ही देणारे असाल तर? इस्टिमेटच्या कागदावरचं रुग्णालयाचं नाव बघून तिथे एक फोन करा. पैसे शक्यतो रुग्णालयाच्याच खात्यात जातील असं बघा. अनेक संकेतस्थळं देणगीवर स्वतःसाठी ‘टिप’ आधीच लावून ठेवतात. ती रक्कम बदलता येते, तेव्हा ‘पे’ दाबण्याआधी तो आकडा वाचा.