मुक्ताईनगर परिसरातील खडक आणि त्यांची जलधारणशक्ती

तापी व पूर्णा ह्या नद्यांचा संगम चांगदेव येथे होतो. संगमाजवळचे प्राचीन मंदिर काळ्या पाषाणाचे आहे. सभोवारची सपाट भूमी मात्र बहुतांशी नद्यांनी आणलेल्या गाळाची. मुक्ताईनगर (पूर्वीचे एदलाबाद) परिसरात विहीर कोठे खणावी, हा प्रश्न ह्या दोन पदार्थांच्या भौतिक गुणधर्मांशी निगडित आहे.

दक्षिणेकडे जावे तसा गाळ संपून बेसाल्ट भूपृष्ठाशी येतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांचा हा खडक. एकाच प्रवाहात त्याचे दोन स्वभाव आढळतात. मधला भाग सघन. त्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे २.८ ते ३ ग्रॅम, आणि सच्छिद्रता अत्यल्प. त्यात पाणी असलेच तर ते सांध्यांत व भेगांत. माथ्याकडे वायू निसटून गेल्याने कुहरे राहतात. तथापि कुहरे असणे आणि ती परस्परांस जोडलेली असणे ह्या निराळ्या गोष्टी होत. झिओलाइट वा कॅल्साइट ह्यांनी ती भरून गेली, म्हणजे दिसावयास जाळीदार असलेला खडकही कोरडाच राहतो. त्यापेक्षा आपला साधा मुरूम, म्हणजे झिजून भुसभुशीत झालेला बेसाल्ट, पाण्याच्या बाबतीत पुष्कळच उदार!

उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी मोठा विभंग असून त्याच्या दक्षिणेस खचलेल्या द्रोणीत गाळाची जाडी शेकडो मीटर भरते. येथे एक विरोधाभास ध्यानात घेतला पाहिजे. चिकणमातीची सच्छिद्रता शेकडा ४० हून अधिक असू शकते, परंतु तिच्यातून गुरुत्वाने निथळणारे पाणी शेकडा दोनचार भागच. जाड वाळूची सच्छिद्रता त्याहून कमी असूनही ती शेकडा २५ च्या आसपास पाणी सोडते. कणांमधील फटी जितक्या सूक्ष्म, तितके पाणी कणांच्या पृष्ठभागास घट्ट धरले जाते. रावेर-यावलच्या पायथ्यालगत गोटे, रेती व वाळू ह्यांचा जो पट्टा आहे, त्यात पावसाचे पाणी त्वरेने मुरते ते ह्याच कारणाने. केळीच्या बागांसाठी त्याच पट्ट्यातून इतका उपसा होतो की, तेथील पाण्याची पातळी बरीच खाली गेली आहे.

विद्युत्-रोधकतेच्या मापनाने हे थर ओळखता येतात, कारण सघन बेसाल्टची रोधकता मोठी, तर ओल्या चिकणमातीची फारच थोडी असते. मात्र पूर्णेच्या खोऱ्यातील गाळात पुष्कळ ठिकाणी भूजल खारे आहे. खाऱ्या पाण्याने भिजलेली वाळू उपकरणास चिकणमातीसारखीच भासते. म्हणजे चांगला जलधारक थर निरुपयोगी म्हणून वगळला जाण्याचा, अथवा उलट खारे पाणी हाती येण्याचा, दोन्ही धोके संभवतात. म्हणून अशा ठिकाणी केवळ आलेखावर न विसंबता वेधनातून निघालेला चुरा पाहावा, आणि जवळपासच्या विहिरींतील पाण्याची विद्युत्-वाहकता मोजून मगच जागा निश्चित करावी.