गोव्याची माल्ट, शेरीचं पिंप 🥃

काल अंबरनाथच्या आमच्या बैठकीत ‘पॉल जॉन ओलोरोसो’ उघडली. ही दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीची सिंगल माल्ट व्हिस्की आधी बर्बनच्या (अमेरिकी व्हिस्कीच्या) पिंपात मुरते, मग ओलोरोसो शेरीच्या.

शेरी आणि पोर्ट म्हणजे द्राक्षांचं कडक मद्य मिसळलेल्या वाइन. त्यांच्या पिंपांचं लाकूड व्हिस्कीला मनुका, अंजीर, अक्रोडाची चव देतं. गोव्याच्या उष्म्यात पिंपातून वर्षाला सुमारे ८ टक्के व्हिस्की उडते, स्कॉटलंडमध्ये साधारण २. पण इथे ती मुरतेही लवकर. बंगळुरूच्या ‘अमृत पोर्टोनोव्हा’ व्हिस्कीत मात्र करामत पोर्टच्या पिंपांची.

चाखताना निमुळता ग्लास घ्या, बर्फ नको. आधी नुसती हुंगा, एक घोट घ्या, मग चमचाभर पाणी घाला.

महाराष्ट्रात वय २५ पूर्ण आणि परवाना हवाच. थोडीच घ्या, गाडी घरी ठेवा!