यकृताची गाठ आणि ताटातली डाळ

कर्जत-खालापूरच्या वस्त्यांत फिरताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. घरात कुणाला यकृताची गाठ निघाली की त्याच्या ताटातली डाळ, अंडी, मटण बंद होते. "खाल्ले की गाठ वाढते," असे कुणीतरी सांगितलेले असते. करणारे मायेनेच करतात.

यात खरे किती? खाल्लेल्या प्रथिनांची आतड्यात अमिनो आम्ले होतात आणि ती आधी यकृताकडे जातात. निरोगी यकृत त्यातून रक्तातले अल्ब्युमिन घडवते, रोज सुमारे १० ग्रॅम. विषारी अमोनियाचा युरिया करते, तो लघवीवाटे जातो. गाठीच्या पेशींना मात्र फक्त वाढायचे असते. ल्युसिनसारखी आम्ले आत ओढणारे 'एलएटी-१' नावाचे दार त्यांच्यावर पुष्कळदा जास्त असते. निरोगी यकृतपेशींवर फारच थोडे. बऱ्याच गाठींना आर्जिनिन स्वतः बनवता येत नाही, तेही त्या रक्तातूनच घेतात.

म्हणून रक्तातले आर्जिनिन संपवणारे औषधच करून पाहिले गेले. ६३५ रुग्णांवरच्या त्या चाचणीचा निकाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला: रुग्णांचे आयुष्य वाढले नाही. जे औषधाला जमले नाही, ते डाळ बंद करून कसे जमणार? ताटात प्रथिने नसली की शरीर स्वतःचे स्नायू मोडते आणि तीच आम्ले रक्तात सोडते. गाठीचे काही अडत नाही, माणसाचे दंड-मांड्या मात्र झडतात. मग उपचार झेपत नाहीत.

यकृत खराब झालेल्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. ५० किलोला ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६. डाळ, मूग, हरभरा, दूध, अंडी, मासे, जे परवडेल ते थोडे थोडे द्या, आणि झोपण्याआधीही काहीतरी. पोटात पाणी झाले असेल तर खारवलेली सुकट नको, ते मिठामुळे. माणूस असंबद्ध बोलू लागला, गुंगीत गेला, तर घरगुती पथ्य करत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या.

हिपॅटायटिस बी आणि सी ही या कॅन्सरची मोठी कारणे आहेत, दारूही आहेच. या दोन काविळींची तपासणी आणि औषधे २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. सरकारी रुग्णालयात विचारा. यकृत कडक झाले असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायचीच. टाटाचे खारघरचे केंद्र तर आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. आणि बाळंतपणाला गेलात की हिपॅटायटिस बीची लस बाळाला २४ तासांच्या आत मागून घ्या.